उजव्या कानातलं गाणं

आलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘दादा, २०१५ साली मी कॉलेजात होतो. कळव्यात आम्ही तिघं मित्र संध्याकाळी नाक्यावर बसून रॅप ऐकायचो. फोन एकच, इअरफोनही एकच. दोघं ऐकायचे, तिसरा पाळीची वाट बघायचा. माझा जिगरी दोस्त कायम माझ्या उजव्या हाताला बसायचा. चार वर्षांनी तो बाइकच्या अपघातात गेला. आता “मेरे गली में”चा बीट रिक्षात जरी वाजला तरी छाती भरून येते, आणि मी गाणं बंद करायला सांगतो. आम्ही लिहिलेल्या ओळींची वही अजून कपाटात आहे. आपलं काहीच झालं नाही. मी गोदामात सुपरवायझर आहे, मुलगी दोन वर्षांची झाली. एखादं संगीत माणसाला इतकं कसं धरून ठेवतं? आणि तेव्हाच्या त्या आशेचं आता काय करू?’

तू दादा म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. मी गेली १६ वर्षं ठाण्यातल्या एका लहान स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो, आणि शनिवारी मुलांना रॅप लिहायला शिकवतो. माइकसमोर उभं राहून अर्ध्या ओळीत थांबलेली, घशात आवंढा आलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यातल्या कुणालाही मी ‘सावर, पुढचा टेक घेऊ’ असं लगेच म्हणत नाही. तुलाही म्हणणार नाही.

आधी धरून ठेवण्याचं बघू. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त दाट आणि जास्त स्पष्ट राहतात, हे मानसशास्त्राला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. त्या वयात मनापासून ऐकलेलं गाणं आयुष्यभर पुरू शकतं. तुझ्या आईला एखादं जुनं भावगीत ऐकून जे होतं ते याच घरातलं. पण रॅपमध्ये आणखी एक गोष्ट होते, आणि ती मी काचेच्या या बाजूला बसून रोज बघतो. रॅपचा चाहता गाणं पाठ करतो, आणि पाठ करताना तो श्वाससुद्धा पाठ करतो. रॅपमध्ये शब्द इतके खच्चून भरलेले असतात की मूळ गाणाऱ्याने जिथे दम घेतला तिथेच तुम्ही घेतला नाही, तर ओळ तुटते. नवा मुलगा आवाज तपासायला कुणाचंतरी गाजलेलं गाणं म्हणतो. स्क्रीनवर त्याच्या आवाजाची लहर उमटते, आणि श्वासाच्या फटी नेमक्या मूळ गाण्यातल्या जागी दिसतात. त्याला ते ठाऊकही नसतं. तू आणि तुझा दोस्त ते गाणं शंभरदा एकत्र म्हणाला असाल, तर शंभरदा तुम्ही दोघांनी एकाच क्षणी श्वास घेतला आहे. रिक्षात बीट सुरू झाला की मन काही ठरवायच्या आत छाती तयारीला लागते. भरून येते ती इथून.

दुसरं कारण रॅप ज्यातला आहे त्या हिप हॉप संगीताच्या जन्मातच आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधीची एक पार्टी ठेवली. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला जग कूल हर्क म्हणतं. जमैकातल्या किंग्स्टनहून आलेलं हे कुटुंब. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारी मुलं गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट बघत थांबतात : जिथे गायक आणि बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि फक्त ड्रम उरतो. ती जागा काही सेकंदांची. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवर ती जागा संपत आली की दुसरीवर तीच सुरू करायची, तोवर पहिली हाताने मागे फिरवायची.

मला स्वतःला ही गोष्ट सांगताना अजून अंगावर काटा येतो. आवडलेला क्षण संपू द्यायचा नाही, हाताने मागे ओढून पुन्हा आणायचा : एवढ्या एका इच्छेतून हे सगळं संगीत निघालं. लूप म्हणतात तो हाच. तुला जे रिक्षात होतं ते या संगीताचं मूळ काम आहे.

आणि त्या लूपमध्ये कोण असतं? १९६९ साली विन्स्टन्स नावाच्या बँडने एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचं वाद्यगीत भरलं. त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून, ताणून, पळवून वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये गेला, आणि त्या सात सेकंदांचा मोबदला त्याच्या हाती कधी पडला नाही. याचा मला राग येतो आणि मुलांना सॅम्पलिंग, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा नव्या गाण्यात वापरणं, शिकवताना मी हे आधी सांगतो. पण हेही खरं की आपण ज्यांना ओळखत नाही अशा माणसांचे हात, त्यांची एखादी दुपार, हिप हॉपच्या बीटमध्ये अक्षरशः वाजत असते. ऐकणारा त्यावर स्वतःची संध्याकाळ ठेवतो. तू ठेवलीस.

आता तुझ्या दोस्ताकडे येतो. त्याबद्दल तुला एका गाण्याविषयी सांगायचं आहे.

मी सोळा वर्षांचा असताना आखातात नोकरी करणाऱ्या मामेभावाने एक भरून घेतलेली कॅसेट आणली होती. तिच्यावर गाण्यांची नावं नव्हती. बी बाजूच्या मध्यावर एक गाणं होतं, ज्यात सॅक्सोफोनची एक लहानशी हाक सारखी परत परत येते. शब्द मला जवळजवळ काहीच कळायचे नाहीत. पण ती हाक आली की मी हातातलं काम थांबवायचो. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत संध्याकाळी दिवे गेले की बॅटरीवरच्या टेपवर तेवढंच गाणं पुन्हा पुन्हा लावायचो. पेन्सिल घालून कॅसेट मागे फिरवायची, म्हणजे सेल वाचतात. गाणं कुणाचं, कशावर आहे, हे कळायला सहा-सात वर्षं गेली.

ते पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचं १९९२ चं गाणं होतं. न्यूयॉर्कला लागून असलेल्या माउंट व्हर्ननची ही जोडी, पहिला बीट करणारा, दुसरा रॅप करणारा. त्यांचा मित्र ट्रॉय डिक्सन हेवी डी अँड द बॉइझ या गटात नाचायचा. १९९० मध्ये दौऱ्यावर असताना इंडियानापोलिसमध्ये अपघातात तो गेला. २२ वर्षांचा होता. गाण्याच्या इंग्रजी नावाची (They Reminisce Over You) आद्याक्षरं जुळवली की त्याचंच नाव तयार होतं. पीट रॉकने पुढे सांगितलं आहे की ती सॅक्सोफोनची रेकॉर्ड सापडली आणि ऐकताना त्याला रडू आलं. ती रेकॉर्ड टॉम स्कॉटची, १९६७ ची. आणि टॉम स्कॉटही दुसऱ्याच एका बँडचं गाणं वाजवत होता.

मला जे तुला दाखवायचं आहे ते गाण्याच्या रचनेत आहे. सी. एल. स्मूथ सुरुवातीला मित्राबद्दल बोलतच नाही. आपला जन्म, लहान वयात आई झालेली आई, मग घरातला वडीलधारा माणूस ज्याने बापासारखं सांभाळलं, असं करत तो येतो. मित्र शेवटच्या कडव्यात येतो, आणि आल्यावर पहिली गोष्ट काय सांगतो, तर आपली भेट कुठे झाली : अमुक दुकानासमोर, रस्त्यातल्या मारामारीत. स्तुती नाही, ‘तू आकाशातून बघतोयस’ नाही. दुकान आणि मारामारी. पुढे एवढंच, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून हे तुला.

तुझ्या प्रश्नात तू मला नाका सांगितलास, इअरफोन सांगितलास, आणि तो कुठल्या हाताला बसायचा तेही सांगितलंस. लिहिणाऱ्याची अर्धी तयारी यात आहे. खरं सांगतो, पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक मुलांना एवढं जमत नाही.

आता आशा. हा भाग मी दोनदा लिहून खोडला, कारण यात खोटा धीर देणं फार सोपं आहे.

२०१४ च्या सुरुवातीला कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आयपॅडवर गाणं केलं, त्याचा व्हिडिओही आयपॅडवरच शूट केला. पुढच्या वर्षी अंधेरीच्या जे. बी. नगरमधला रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ आलं. तेव्हा जिओ यायचं होतं, डेटा महाग होता. गाणी मेमरी कार्डवरून, ब्लूटूथवरून या फोनमधून त्या फोनमध्ये जायची. म्हणजे गाणं कुणीतरी हातातून हातात दिलेलं असायचं. तुझ्या फोनमध्ये ते कुणी टाकलं, हे तुला आजही आठवत असणार, बघ. स्टुडिओत त्या महिन्यांत येणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच गोष्ट होती : हा आपल्यासारखं बोलतो. गाजणं, पैसा, गाडी यांचा विषय नंतरचा. आधी झालं ते हे की ज्या गल्लीचा पत्ता नोकरीच्या अर्जात लिहायला पोरं संकोचायची, तसली गल्ली कुणीतरी ताठ मानेने बीटवर उच्चारली.

२०१९ च्या फेब्रुवारीत या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट आला, आणि माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न बदलला. ‘दादा, लिहिलेलं बरोबर आहे का?’ ऐवजी ‘दादा, किती दिवसांत होईल?’ मी त्या चित्रपटाला दोष देत नाही, त्याने कितीतरी आयांना मुलाच्या वहीकडे नव्याने बघायला लावलं. पण आशेचं मोजमाप तेव्हा व्ह्यूजमध्ये व्हायला लागलं. तुझा दोस्तही त्याच वर्षी गेला. मला वाटतं, तुझ्या मनात या दोन गोष्टी चिकटल्या आहेत. ‘आपलं काहीच झालं नाही’ या वाक्यात तू दोन वेगळी दुःखं एकत्र बांधून ठेवली आहेस.

ती सोडवायला मला एक जुनं गाणं उपयोगी पडतं. १९९४ साली नोटोरियस बी. आय. जी. या न्यूयॉर्कच्या रॅपरचं ‘जूसी’ आलं. सुरुवातच आठवणींनी आहे : वाचायची मासिकं, भिंतीवर चिकटवलेली चित्रं, शनिवारी रेडिओवर लागणारं रॅप टेपवर भरून घेणं. मग तो सांगतो की आता कसं सगळं बदललं, आई कशी खूश आहे. कितीतरी लोक हे यशस्वी माणसाचं मागे वळून बघणं म्हणून ऐकतात. पण ते त्याच्या पहिल्याच अल्बममधून आधी सुटं बाहेर आलेलं पहिलं गाणं होतं, आणि अल्बम अजून बाजारातही आला नव्हता. ज्या यशाची तो आठवण सांगतोय ते अजून झालेलंच नाही. तो आशा भूतकाळात सांगतो. अडीच-पावणेतीन वर्षांनी, मार्च १९९७ मध्ये, त्याला गोळ्या घालून मारलं, वय २४. तरी आज कुणी ते गाणं लावलं की ज्याचं काहीच झालेलं नाही असा मुलगासुद्धा त्यात आपलं घर बघतो.

हिप हॉपमधली आशा मी अशी समजतो. आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत जे केलं, गावी राहिलेल्या मैनेची आठवण काढता काढता संयुक्त महाराष्ट्राची मागणी उभी केली, ते मला या कामाच्या जवळचं वाटतं. (‘पोवाडा म्हणजे आपला रॅपच’ असं सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही. दोन्ही परंपरांचा त्यात अपमान होतो. पण ही छक्कड खरोखर शेजारची आहे.)

एक प्रसंग सांगतो. गोवंडीचा एक मुलगा रेकॉर्डिंगला आला, सोबत आई. ती बाहेरच्या बाकावर बसली होती, दार अर्धं उघडं. मुलाच्या एका ओळीत वस्तीतल्या नळाचं पाणी सकाळी येतं असं होतं. तिसऱ्या टेकला ती आत डोकावून म्हणाली, ‘सकाळी कुठं येतं रे? साडेचारला येतं. तू झोपलेला असतोस.’ मुलगा ओशाळला. मग त्याने तिथेच पेन घेतलं, ओळ बदलली, आणि ‘साडेचार’ हा शब्द बीटवर बसेना म्हणून पुढची ओळही बदलली. नव्या ओळीत आई हंडा घेऊन उभी होती. आधीच्या मजकुरात आई कुठेच नव्हती. ते गाणं फारसं कुणी ऐकलं नाही. पण ती बाई पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन आली होती.

आता तुला काय करता येईल ते सांगतो.

वही काढ. जुन्या ओळी सुधारू नकोस, त्या तशाच राहू देत. कोऱ्या पानावर १६ बार लिही (एक बार म्हणजे चार ठोके), जास्त नको. मिनिटाला ९० ठोक्यांचा बीट घेतलास तर १६ बार म्हणजे ६४ ठोके, साधारण ४३ सेकंद. तेवढ्यात माणूस मावत नाही, एक संध्याकाळ मावते. एकच संध्याकाळ निवड.

मराठीत लिही, कारण तुम्ही नाक्यावर मराठीत बोलत होता. यात एक खड्डा आहे, तो आधीच सांगतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ‘बसायचो, हसायचो, असायचो’ असं यमक फुकटात मिळतं. चार ओळींनंतर ते पाळण्यासारखं डुलायला लागतं आणि ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. क्रियापद मध्ये ढकल किंवा गाळ, आणि ओळ वस्तूवर संपव. तुझ्याच पत्रातून दोन ओळी करून दाखवतो :

तुझ्या कानात उजवी वायर, माझ्या कानात डावी
चार टक्के बॅटरी अन् आणखी गाणी हवी

दुसरं, मराठीतल्या जोडाक्षरांचा उपयोग कर. स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक फटका, बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. ‘पत्र्यावर’, ‘रस्त्यावर’, ‘चप्पल’, ‘धक्का’ यांतलं जोडाक्षर त्या ठोक्यावर आणलंस तर शब्द आपोआप वाजतो, ओरडावं लागत नाही. रफ टेक फोनवरच घे. गोधडी डोक्यावरून घेऊन रेकॉर्ड केलंस तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. मला पाठवलंस तर मी मनापासून ऐकेन. पण आधी त्या तिसऱ्या मित्राला पाठव, जो पाळीची वाट बघत बसायचा. त्याचं तू पुढे काहीच लिहिलं नाहीस. तो आहे ना अजून? त्याच्याकडेही त्या संध्याकाळी आहेत, आणि त्याने तुम्हा दोघांना बाहेरून पाहिलं आहे.

स्टेजचं विचारशील तर, तिशीनंतरही लोक सुरू करतात, ओपन माइकला येतात, मी त्यांच्यासाठी बीट वाजवले आहेत. गोदामातली नोकरी सोडायचा सल्ला मी कुणालाही देत नाही, तुलाही नाही. सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करायच्या बैठका, रविवारी असतात.

आणि गाणं रिक्षात अचानक वाजेल आणि तू ते बंद करशील, असं होण्याआधी एकदा ते ठरवून ऐक. त्यासाठी आमच्या कामातली एक गोष्ट तुला माहीत हवी. रॅपच्या मिक्समध्ये मुख्य आवाज मधोमध ठेवतात, तो दोन्ही कानांत सारखा येतो. पण तोच माणूस काही शब्द दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणतो, मागून हुंकार देतो, हाक मारतो. हे डबल्स आणि अ‍ॅडलिब आम्ही बहुतेक वेळा वाटून ठेवतो, काही डावीकडे, काही उजवीकडे. काही वाद्यंही तशीच. तो तुझ्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे उजवी वायर त्याच्याकडे आणि डावी तुझ्याकडे. तुमच्या त्या सगळ्या प्लेलिस्टमधली डावी बाजू तू वर्षानुवर्षं ऐकलीस. उजवी त्याच्या कानात होती.

वायरचा इअरफोन घे, ज्यावर डावा-उजवा छापलेलं असतं. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर बंद कर, नाहीतर दोन्ही बाजूंना एकच ऐकू येईल. मुलगी झोपली की बस. डावी बाजू खाली सोडून दे आणि फक्त उजवी लाव.